मीठ कमी करायचं, जेवण नाही

पत्र थोडक्यात असं: सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीने लिहिलंय. सासरे ७१ वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅक आणि अँजिओप्लास्टी झाली होती. गेल्या दिवाळीनंतर दम लागायला लागला, पाय सुजले आणि आठवडाभर रुग्णालयात काढावा लागला. निदान हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाचं पंपिंग कमजोर होणं; ईएफ (दर ठोक्याला हृदय आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) ३० टक्के. सूज उतरल्यावर घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "मीठ आणि पाणी जपून." सासूबाईंनी बाबांचं मीठ पूर्ण बंद केलं. पाठोपाठ तूप, दूध, अंडी, शेंगदाणे आणि भातही गेला. पाणी दिवसाला लिटरभर. नाशिकची नणंद फोनवरून सांगते की रोज दुधीचा रस द्या, शहाळं द्या, 'लो सोडियम' मीठ आणा. घरी आले तेव्हा ६७ किलो असलेले बाबा आता ६१ किलोंवर आलेत, आणि सासूबाईंना वाटतं की हृदयावरचा भार उतरला. बाबा मात्र दोन घास खाऊन पानावरून उठतात. परवा त्यांच्या कपाटात खारे शेंगदाणे आणि बाकरवडीचं पाकीट सापडलं, त्यावरून घरात महाभारत झालं. "मी कुणाचं ऐकू? आणि आहार नीट सांभाळला तर गोळ्या कमी होतील का?" असं त्या विचारतात.

तुमच्या पत्रात मीठ, पाणी, शहाळं सगळ्यांबद्दल सविस्तर आहे. माझी नजर मात्र अडकली ती तुम्ही जाता जाता लिहिलेल्या आकड्यांवर. ६७ चे ६१ झाले. सासूबाईंना ही चांगली बातमी वाटते. मला विचाराल तर सगळ्यात आधी डॉक्टरांच्या कानावर घालायची गोष्ट हीच आहे. पुढची तपासणी लांब असेल तर तोवर थांबू नका, फोन करून आधीची वेळ घ्या.

या आजारात अंगात पाणी साठलं की वजन भराभर वाढतं आणि औषधाने पाणी निघालं की भराभर उतरतं. पण बाबांची सूज रुग्णालयातच उतरली होती. ६७ हे त्यानंतरचं वजन. म्हणजे पुढे गेलेले सहा किलो पाण्याचे नसावेत, बहुतांशी स्नायू आणि चरबीचे असावेत. हे जवळपास नऊ टक्के होतात. वर्षभराच्या आत, प्रयत्न न करता, पाच टक्क्यांहून जास्त वजन गेलं की डॉक्टर 'कार्डियाक कॅकेक्सिया'चा, म्हणजे हृदयाच्या आजारापायी शरीर खंगत जाण्याचा विचार करतात. अशा रुग्णांची पुढची वाटचाल इतरांपेक्षा अवघड असते. चालायला, जिना चढायला, खोकून कफ काढायला, अगदी श्वास घ्यायलाही स्नायूच लागतात. बाबांचे दंड बारीक झालेत का, खुर्चीच्या हातांना न धरता उठता येतं का, बरणीचं झाकण पूर्वीसारखं उघडतं का, एवढं बघा. काट्याइतकंच हेही बोलकं असतं.

दोन घासांत उठण्याबद्दल सासूबाई "नखरे" म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. तो शब्द तुमच्या घरातून जावा, असं मला मनापासून वाटतं. हृदय कमजोर झालं की सूज फक्त पायांवर येत नाही. यकृत फुगतं, आतड्यांच्या भिंतींनाही सूज येते, आणि थोडं खाल्लं तरी पोट तुडुंब वाटतं. भरपूर जेवताना दमही लागतो. काही औषधांनी तोंडाची चव जाते. डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी चालू असेल तर अन्नावरची वासना उडणं आणि मळमळ होणं हे डोस जास्त होत असल्याचंही लक्षण असू शकतं, त्यामुळे तेही डॉक्टरांना सांगायचं. अशा माणसापुढे अळणी दुधी आणि कोरडी पोळी ठेवली तर तो कितीसा जेवणार? कपाटातली बाकरवडी तिथूनच आली. खाण्यावर पूर्ण बंदी आली की माणूस लपवून खातो, आणि लपवून खाल्लेलं कुणाच्या हिशेबात येत नाही.

आता मिठाकडे येऊ. सासूबाईंची भीती निराधार नाही, हे आधी सांगते. हृदय पुरेसं रक्त ढकलू शकलं नाही की मूत्रपिंडांचा समज होतो की शरीरात रक्तच कमी पडलंय, आणि ती मीठ-पाणी धरून ठेवायला लागतात. त्यात वरून मीठ आलं की सूज आणि दम ठरलेला. म्हणून मीठ आवरायचंच. प्रश्न आहे तो किती.

२०२२ मध्ये 'सोडियम-एचएफ' नावाच्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. सहा देशांतले आठशेच्या वर रुग्ण होते. अर्ध्यांना दिवसाला १५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियमचा आहार आखून दिला, बाकीच्यांना नेहमीचा सर्वसाधारण सल्ला. वर्षभरात मृत्यू किंवा रुग्णालयात भरती होण्याच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. कमी मीठवाल्यांना थोडं बरं मात्र वाटलं. ही बातमी कुणी "मीठ खाल्लं तरी चालतं" अशी पुढे पाठवली, तर मात्र जपा. त्या चाचणीत 'नेहमीचं' खाणारेही दिवसाला २१०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम घेत होते. मिठाच्या हिशेबात ते साधारण पाच ग्रॅम होतात. म्हणजे आपल्याकडे जे गाठायचं ध्येय असतं, तिथे ते आधीच होते. जागतिक आरोग्य संघटना सर्वांनाच पाच ग्रॅमच्या आत राहायला सांगते, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात आणि युरोपातल्या हृदयतज्ज्ञांचा हार्ट फेल्युअरच्या रुग्णांना सल्लाही पाच ग्रॅमच्या वर न जाण्याचाच आहे. पाचाच्या आत येणं गरजेचं आहे. शून्यावर जाऊन जास्तीचा फायदा दिसलेला नाही, आणि तुमच्या घरात त्याचं नुकसान मात्र दिसतंय. बाबांसाठी नेमका आकडा त्यांचे डॉक्टर सांगतील. रक्तातलं सोडियम आणि लघवीच्या गोळ्यांचा डोस पाहून तो बदलतो.

तुमच्या घरात मीठ किती जातं, हे कळायला सोपी युक्ती आहे. मिठाच्या नव्या पिशवीवर ती फोडल्याची तारीख लिहा. चार माणसांच्या घरात एक किलोची पिशवी महिन्यात संपली तर माणशी दिवसाला आठ ग्रॅमच्या वर झालं, तेही बाहेरचं खाणं न धरता. माणशी पाच ग्रॅमने तीच पिशवी पन्नास दिवस जायला हवी. बाबांसाठी रोज सकाळी सपाट पाऊण चहाचा चमचा मीठ छोट्या डबीत काढून ठेवा. साधारण चार ग्रॅम होतं. त्यांच्या भाजी-आमटीत जे पडेल ते त्या डबीतून. संध्याकाळी डबी रिकामी झाली की संपलं. उरलेला ग्रॅमभर दूध, भाज्या, पावातून येतोच. डॉक्टरांनी कमी सांगितलं तर डबीत कमी घ्या.

खरी बचत पानाच्या डाव्या बाजूला आहे. तिथे वाढलेलं मीठ, लोणचं, पापड, कुरडई, चटणी, हे सगळं मोजलं तर बरंच मीठ तिथूनच जातं. पोळी-भाकरीत आणि भातात मीठ घालायची गरज नसते, बाकीच्यांनाही आठवड्याभरात सवय होते. लिंबू, आमसूल, आलं-लसूण, जिरं, हिंग, भरपूर कोथिंबीर आणि घरचा गोडा मसाला हात राखून न वापरता घाला. विकतच्या मसाल्याच्या पाकिटावर मात्र मीठ आहे का ते वाचा. सोडाही विसरू नका: खाण्याच्या सोड्याच्या एका चहाच्या चमच्यात बाराशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं. ढोकळा, खारी, पापडखार घातलेले पापड आणि ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणाऱ्या पावडरी, सगळ्यांत ते आलं. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं, तेव्हा "ते चालतं" या समजुतीवर चमचा वाढवू नका.

नणंदबाईंच्या तीन सूचनांबद्दल मला जरा ठामपणे बोलावं लागेल.

लो सोडियम मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. निरोगी माणसाला ते चांगलं. पण हार्ट फेल्युअरच्या कितीतरी गोळ्या शरीरात पोटॅशियम धरून ठेवतात: स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या, सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन. त्यात मूत्रपिंड थोडं मंद असेल आणि वरून पोटॅशियमचं मीठ आलं, तर रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढू शकतं की हृदयाचे ठोके बिघडतात, जिवावर बेतू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये असं मीठ सुचवताना मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना आणि ज्यांच्या शरीरातून पोटॅशियम नीट बाहेर पडत नाही अशांना त्यातून वगळलंय. बाबांच्या गोळ्यांची नावं डॉक्टरांना दाखवून विचारेपर्यंत ती पिशवी घरात उघडूच नका. शहाळ्यालाही हेच लागू. एक कपभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे ६०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. कधीतरी चालेल का, हे रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चाललीत ते सांगणारी तपासणी) यांचा रिपोर्ट पाहूनच ठरवायचं. रोज मात्र नको.

दुधीची भाजी खुशाल करा. रस नको. दुधी कडू निघाला तर त्यातल्या द्रव्यांनी गंभीर विषबाधा होते, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) तज्ज्ञ समितीने याबद्दल इशाराही दिलेला आहे. शिवाय रसाचा पेला बाबांच्या पाण्याच्या हिशेबात धरायचा, पोट भरणार, आणि अंगी लागणार काहीच नाही. जाता जाता: खोकल्याच्या काढ्यात ज्येष्ठमध घालत असाल तर बाबांसाठी ते बंद करा. ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं. आणि अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या दुकानातून आणून देऊ नका, त्यांनीही सूज वाढते.

पाण्याबद्दल तुम्ही "लिटरभर, मोजून" लिहिलंय. हा आकडा डॉक्टरांनी दिला की घरात ठरला? माझा अंदाज, घरातच ठरला. नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०२५ मध्ये जाहीर झालेल्या 'फ्रेश-अप' चाचणीत, प्रकृती स्थिर असलेल्या सुमारे पाचशे रुग्णांपैकी अर्ध्यांना दिवसाला दीड लिटरची मर्यादा दिली, बाकीच्यांना तहानेप्रमाणे पाणी. मर्यादेचा फायदा दिसला नाही. तहानेने जीव मात्र जास्त कासावीस झाला. सूज असलेल्यांना किंवा रक्तातलं सोडियम कमी झालेल्यांना मर्यादा लागतेच, म्हणून स्वतःहून मोकळीक देऊ नका, पण आकडा विचारून घ्या. पुण्याचा उन्हाळा तोंडावर आहे. चाळीस अंशांच्या उन्हात लिटरभर पाणी आणि लघवीच्या गोळ्या ही जोडी चक्कर आणणारी आहे. एप्रिल-मेसाठी वेगळा आकडा लागेल का, तेही विचारा. चहा, ताक, पातळ आमटी सगळं त्यात धरायचं.

आता ज्या भागाबद्दल मला सगळ्यात कळकळीने बोलायचंय तो, म्हणजे बाबांचं ताट. सासूबाईंनी मिठाबरोबर जे जे बंद केलं, त्यातलं बहुतेक परत आणायचंय. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला किलोमागे निदान १.१ ग्रॅम प्रथिनं लागतात. बाबांच्या ६१ किलोंना ती ६७ ग्रॅम होतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर आकडा बदलेल, तो डॉक्टरांकडून घ्या. दोन उकडलेली अंडी म्हणजे १२ ग्रॅम. दोन वेळचं मिळून दोन वाट्या घट्ट वरण, १२. मोड आलेल्या मटकीची किंवा मुगाची वाटीभर उसळ, ८. कपभर दूध ६, वाटीभर दही ५, चार पोळ्या १२. घरी दूध फाडून केलेलं पन्नास ग्रॅम पनीर, मीठ न घालता, ९. दाण्याच्या कुटाची बिनमिठाची चटणी, ४. झाले ६८. मासे-चिकन चालत असेल तर आणखी सोपं, फक्त ताजं घ्या, खारवलेलं नको.

एवढं तीन जेवणांत बसणार नाही. सहा वेळा, थोडं थोडं द्या. सकाळी अंडं आणि पोळीचा तुकडा, अकराला दही, दुपारी वरण-भात-भाजी, चारला थालीपीठ किंवा मुगाचं धिरडं, रात्री लवकर आणि हलकं, झोपताना दूध. वरणभातावर चमचाभर साजूक तूप पडू द्या. कोलेस्टेरॉलची काळजी आहे हे कळतं, पण वजन उतरत असलेल्या माणसाला ऊर्जा हवीय, आणि त्या चमच्याने चार घास जास्त जात असतील तर तो पडलेला बरा. मधुमेह असेल तर भाताचं प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारा. पूर्ण बंद करायची गरज सहसा नसते.

हे आजीबाईचं लाड पुरवणं नाही, उपचाराचाच भाग आहे. स्पेनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत, हार्ट फेल्युअरने भरती झालेल्या कुपोषित रुग्णांपैकी काहींना सहा महिने नेमकं आहार-मार्गदर्शन दिलं. वर्षभरात मृत्यू किंवा याच आजाराने पुन्हा भरती, हे त्यांच्यात २७ टक्क्यांच्या घरात होतं. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत ते ६० टक्क्यांच्या वर गेलं. चाचणी लहान होती, म्हणून आकडे जपून घ्यायचे, पण दिशा स्पष्ट आहे.

दोन तपासण्यांबद्दल विचारा. एक, लोह: फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन. हिमोग्लोबिन ठीक असूनही हार्ट फेल्युअरमध्ये लोह कमी असू शकतं, त्याने थकवा वाढतो, आणि अशा रुग्णांना लोहाच्या गोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. शिरेतून दिलेल्या लोहाचा होतो. दोन, थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. लघवीच्या गोळ्यांबरोबर तेही निघून जातं, आणि बाबांचं खाणं आधीच कमी झालंय. बाबा एकादशी किंवा संकष्टी करत असतील तर तेही सांगा. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (मधुमेहात आणि हार्ट फेल्युअरमध्येही देतात त्या गोळ्या) चालू असेल, तर कडक उपवास धोक्याचा ठरू शकतो.

गोळ्यांबद्दलचं उत्तर छोटं आहे: आहार उत्तम झाला म्हणून या गोळ्या बंद होत नाहीत. हृदयाला आधार त्यांचाच आहे. ईएफ सुधारला तरी त्या स्वतःहून सोडल्या तर आजार उलटतो. सूज आटोक्यात राहिली तर लघवीच्या गोळीचा डोस डॉक्टर कमी करू शकतात. एवढीच आशा ठेवा.

आणि "कुणाचं ऐकू?" तुमच्या पत्रात सासूबाईंचं मत आहे, नणंदेचं आहे, तुमचं आहे. बाबांचं एकही वाक्य नाही. त्यांना विचारा की डबीतलं मीठ कशात हवंय. भाजीत कमी आणि आमटीत चवदार, की उलट? रविवारी तळजाईवरून फिरून येताना मित्रांबरोबर अर्धी बाकरवडी हवी असेल, तर त्या दिवशी डबीत मीठ कमी घेऊ, असं त्यांच्याशीच ठरवा. सासूबाईंना मात्र चुकलं म्हणू नका. त्यांनी नवऱ्याला धाप लागलेली रात्रभर पाहिलीय, आणि "मीठ जपून" या दोन शब्दांपलीकडे त्यांना कुणी काही समजावून सांगितलं नाही. पुण्यातल्या बहुतेक मोठ्या रुग्णालयांत आहारतज्ज्ञ बसतात. तिथे बाबांबरोबर सासूबाईंनाच घेऊन जा. जेवण त्या करतात, तेव्हा "अंडं द्या, वरण द्या" हे सुनेकडून ऐकण्यापेक्षा पांढऱ्या कोटातल्या माणसाकडून त्यांनीच ऐकलेलं बरं.

वजनाची वही बाबांकडे द्या. आयुष्यभर बँकेत हिशेब सांभाळलेल्या माणसाला ते जमेल आणि आवडेलही. रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं, पाय सुजले, किंवा रात्री उशा वाढवून झोपावं लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. आणि इथून पुढे महिन्यात किलोभर जरी आणखी उतरलं, तरी करायचा.